फॉर्मची तपासणी आणि सबमिट बटण: कुठे अडवायचं, कुठे सोडायचं

फॉर्म भरून झालाय, सगळे रकाने भरल्यासारखे दिसताहेत, पण खालचं बटण राखाडीच आहे. दाबलं तरी काही होत नाही आणि काय राहिलंय ते पानावर कुठेच लिहिलेलं नाही. वापरणारा वर जातो, खाली येतो, एखादा रकाना पुसून पुन्हा भरतो आणि शेवटी कंटाळून टॅब बंद करतो. डेव्हलपरच्या लेखी मात्र सगळं सुरळीत असतं, कारण चुकीची माहिती सर्व्हरपर्यंत पोचलेली नसते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. फॉर्म अपुरा आहे म्हणून बटणाला कुलूप लावू नका. दाबू द्या, मग काय चुकलंय ते फॉर्मला बोलू द्या. बटण अडवायची खरी वेळ दाबल्यानंतर येते, तीही उत्तर येईपर्यंतच. हे नीट जमवायला काय काय करावं लागतं ते आता क्रमाने पाहू. रिअ‍ॅक्ट, व्ह्यू, अँग्युलर, काहीही वापरत असलात तरी खाली ब्राउझर तोच असतो, त्यामुळे यातलं बहुतेक सगळं तिथेही लागू पडतं.

पहिली पायरी: दाबल्यावर काय घडतं ते समजून घ्या

सबमिट बटणावर क्लिक झाला की ब्राउझर आधी बटण डिसेबल्ड, म्हणजे बंद केलेलं, आहे का ते बघतो. असेल तर विषय तिथेच संपतो. नसेल तर फॉर्ममधल्या रकान्यांची तपासणी करतो. एखादा रकाना नापास झाला तर त्यावर 'इनव्हॅलिड' इव्हेंट (काही घडल्याची सूचना, जिला आपला कोड जोडता येतो) येतो, संदेशाचा छोटा बुडबुडा दिसतो आणि गाडी थांबते. सगळे पास झाले तरच फॉर्मवर 'सबमिट' इव्हेंट येतो. तो कुणी अडवला नाही, तर ब्राउझर रकान्यांची नावं आणि किमती (म्हणजे त्यांत भरलेला मजकूर) गोळा करतो आणि पाठवतो.

हा क्रम डोक्यात पक्का बसला की निम्मे प्रश्न सुटतात. 'माझं सबमिटचं फंक्शन चालतच नाही' ही तक्रार घ्या. बहुतेक वेळा फंक्शन ठीक असतं, त्याच्या आधीच्या टप्प्यावर एखादा रकाना नापास झालेला असतो.

यातून पहिला नियम निघतो: बटणाच्या क्लिकला काही जोडू नका, फॉर्मच्या सबमिट इव्हेंटला जोडा. फॉर्म पाठवायचा एंटर हा दुसरा रस्ताही आहे. एका ओळीच्या रकान्यात एंटर दाबला की ब्राउझर फॉर्ममधलं पहिलं सबमिट बटण दाबल्यासारखं वागतो. ते पहिलं बटण डिसेबल्ड असेल तर एंटरही मुका होतो. काही जण कीडाउन इव्हेंटवर स्वतःच एंटर पकडतात. ते मुळीच करू नका. लिप्यंतराचा कीबोर्ड वापरणारा माणूस सुचवलेला शब्द निवडायला एंटर दाबतो आणि तुमचा कोड अर्धवट नावासकट फॉर्म पाठवून मोकळा होतो.

दुसरी गोष्ट बटणाच्या प्रकाराची. फॉर्मच्या आतल्या बटणाला टाइप दिला नाही तर तो सबमिटच धरला जातो. 'पासवर्ड दाखवा', 'आणखी एक ओळ जोडा', 'तारीख निवडा' अशी साधी बटणं दाबल्यावर पान अचानक रीलोड होतं त्यामागचं कारण नव्वद टक्के वेळा हेच असतं. जे बटण फॉर्म पाठवण्यासाठी नाही त्याला 'बटन' हा टाइप स्पष्ट लिहा. आणि एंटरवर पहिलं सबमिट बटण धावतं हे लक्षात ठेवून 'काढून टाका' सारखं सबमिट बटण मुख्य बटणाच्या वर ठेवू नका.

तिसरी गोष्ट स्क्रिप्टमधून फॉर्म पाठवण्याची. फॉर्मचं 'सबमिट' फंक्शन थेट बोलावलं तर तपासणीही होत नाही आणि सबमिट इव्हेंटही येत नाही, सगळं ओलांडून माहिती सरळ निघते. 'रिक्वेस्टसबमिट' बोलावलं तर बटण दाबल्यासारखाच पूर्ण प्रवास होतो. नव्या कोडमध्ये दुसरंच वापरा. याच्याशी जोडलेली एक गंमत म्हणजे बटणाला 'सबमिट' असं नाव देणं. मग फॉर्मच्या सबमिट या फंक्शनवर त्या बटणाची सावली पडते आणि कन्सोल म्हणतो की सबमिट हे फंक्शनच नाही. तासभर डोकं खाणारी ही चूक नाव बदललं की एका क्षणात जाते.

दुसरी पायरी: जे एचटीएमएलमध्ये होतं ते तिथेच करा

एचटीएमएलमधले फॉर्म जुने आहेत, १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये ते होते. पण तपासणीचे बहुतेक गुणधर्म एचटीएमएल ५ बरोबर आले. तोवर 'रकाना रिकामा आहे का' एवढं बघायलाही स्क्रिप्ट लिहावी लागे. आता रिक्वायर्ड, मिनलेंग्थ, मॅक्सलेंग्थ, मिन, मॅक्स, स्टेप, पॅटर्न आणि इनपुटचे टाइप यांत बरंच काम भागतं. प्रत्येकाचा अर्थ नावातच आहे, तेव्हा ते सांगत बसत नाही. खाचखळगे सांगतो.

रिक्वायर्ड फक्त रिकामं आहे का ते बघतो. एक स्पेस टाकली की तो खूश. नाव, पत्ता अशा रकान्यांत आजूबाजूच्या स्पेस काढून मग तपासा. रेडिओ बटणांच्या गटात एकावर रिक्वायर्ड लावलं तरी पुरतं. चेकबॉक्सच्या गटासाठी मात्र 'यातलं किमान एक निवडा' असं सांगायची सोय एचटीएमएलमध्ये नाही, ते स्क्रिप्टनेच करावं लागतं.

ईमेल टाइपची तपासणी ढिली आहे. @ च्या दोन्ही बाजूंना एकेक अक्षर असलं, डॉट नसला तरी ती पास करते, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही आहे. इंटरनेटवरून उचललेलं चार ओळींचं रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर ठरावीक साच्यात बसतो का ते तपासणारं सूत्र) त्यावर चढवायचा मोह आवरा. अशी एक्स्प्रेशनं अधिकचं चिन्ह असलेले किंवा लांब डोमेनवाले खरे पत्ते नाकारतात. पत्ता खरा आहे का हे पडताळणीचा मेल पाठवूनच कळतं.

नंबर टाइप मोजायच्या किंवा गणित करायच्या संख्यांसाठी आहे. ओटीपी, फोन नंबर, कार्ड नंबर हे दिसायला आकडे असले तरी त्यांची बेरीज कुणी करत नाही. तिथे साधा टेक्स्ट टाइप ठेवा आणि इनपुटमोडला न्यूमेरिक द्या. मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड येतो, आणि पुढे कुठे संख्येत रूपांतर होऊन सुरुवातीची शून्यं उडण्याचा धोकाही टळतो. नंबर टाइपची आणखी एक खोड आहे. त्यात भलतंच काही टाइप केलं तर स्क्रिप्टला किंमत रिकामी दिसते. 'हा रकाना भरा' असा संदेश तुम्ही दाखवता आणि समोरच्याला तो भरलेला दिसतोय! म्हणून आधी 'बॅडइनपुट' हा ध्वज (हो किंवा नाही एवढंच सांगणारी खूण) बघा, मग रिकामेपणा.

मॅक्सलेंग्थ गुपचूप कापतो. लांब मजकूर पेस्ट केला तर मर्यादेपुढचा भाग न सांगता गायब होतो. पासवर्डच्या रकान्यात तर हे घातकच, पेस्ट केलेला पासवर्ड अर्धा साठवला जातो आणि पुढच्या लॉगिनला माणूस गोंधळतो. लांब मजकुरासाठी मर्यादा ओलांडू द्या आणि 'इतकी अक्षरं जास्त झाली' असं सांगा.

पॅटर्नबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण मराठी लिहिणाऱ्यांना तो सगळ्यात जास्त छळतो. नावाच्या रकान्यात 'ए ते झेड' एवढीच अक्षरं चालतील असा पॅटर्न टाकला की देवनागरीतलं प्रत्येक नाव नापास. मग कुणीतरी युनिकोडमधला, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक संकेतमालेतला, 'अक्षर' हा वर्ग वापरतो, ज्याचं चिन्ह एल आहे. तरी 'कविता' नापासच होतं! कारण क, व, त ही अक्षरं आहेत, पण वेलांटी आणि काना युनिकोडच्या लेखी अक्षरं नव्हेत. ती 'चिन्ह' या वेगळ्या वर्गात मोडतात, ज्याचं चिन्ह एम आहे. दोन्ही वर्ग, शिवाय स्पेस, डॉट, हायफन आणि अ‍ॅपॉस्ट्रॉफी घेतले तर बरीच नावं बसतात. खरं तर नावाला पॅटर्न लावूच नये असं माझं मत आहे. नाव कसं असावं हे ठरवणारा फॉर्म कोण?

लांबी मोजण्यातही हाच प्रकार. 'स्त्री' हे वाचणाऱ्याला एक जोडाक्षर दिसतं, मिनलेंग्थ आणि मॅक्सलेंग्थच्या हिशेबात ती ६ एककं आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. 'फक्त २० अक्षरं' अशी मर्यादा देवनागरीत फार लवकर संपते.

आकड्यांचं तर आणखीनच. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला 'अंक' म्हणजे फक्त 0 ते 9 हे इंग्रजी आकडे, देवनागरी आकडे त्यात येत नाहीत. पायथनमध्ये मात्र साध्या मजकुरावर तोच 'अंक' देवनागरी आकडेही स्वीकारतो. म्हणजे ब्राउझर नाकारतोय ते सर्व्हर स्वीकारतो, किंवा एपीआयवरून (फॉर्म न वापरता दुसऱ्या प्रोग्रॅमकडून) थेट आलेले देवनागरी आकडे तपासणीतून सुटून डेटाबेसपर्यंत जातात. उपाय सोपा आहे: आकडे आले की ते तपासण्याआधी एका लिपीत बदलून घ्या. माणसाला 'इंग्रजी आकडे टाका' म्हणून ओरडण्यापेक्षा दोन ओळींचा कोड लिहिणं स्वस्त पडतं.

शेवटचं एक. पॅटर्न सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण किमतीला लावला जातो, रिकाम्या रकान्याला लावला जात नाही. तो लिहिण्यातच चूक असेल तर ब्राउझर तक्रार कन्सोलमध्ये करतो आणि पॅटर्न नसल्यासारखा पुढे जातो. आताचे ब्राउझर पॅटर्न पूर्वीपेक्षा कडक नियमांनी वाचतात. चौकोनी कंसात शेवटी नुसता ठेवलेला हायफन पूर्वी चालायचा, आता त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ लागते. जुना फॉर्म अचानक काहीही स्वीकारायला लागला तर आधी कन्सोल उघडा.

तिसरी पायरी: संदेश आपले, तपासणी ब्राउझरची

ब्राउझरचा बुडबुडा फुकट मिळतो, पण तो ब्राउझरच्या भाषेत बोलतो. पान पूर्ण मराठीत असलं आणि ब्राउझर इंग्रजीत असला तर चूक इंग्रजीत सांगितली जाते. तो काही सेकंदांत विरून जातो, एका वेळी एकच चूक दाखवतो आणि त्याचं रूप सीएसएसने बदलता येत नाही. आतल्या वापराच्या छोट्या फॉर्मला चालेल. लोकांसमोर जाणाऱ्या फॉर्मला आपले संदेश हवेत.

त्यासाठी फॉर्मवर नोव्हॅलिडेट लावायचा. याने फक्त पाठवतानाची अडवणूक आणि बुडबुडे बंद होतात, तपासणीचं यंत्र चालूच राहतं. प्रत्येक रकान्याच्या 'व्हॅलिडिटी'मध्ये व्हॅल्यूमिसिंग, टाइपमिसमॅच, पॅटर्नमिसमॅच, टूशॉर्ट, रेंजओव्हरफ्लो असे ध्वज असतात. ते वाचायचे आणि आपलं वाक्य दाखवायचं. नोव्हॅलिडेट एचटीएमएलमध्ये लिहू नका, स्क्रिप्ट सुरू झाल्यावर तिच्यातूनच लावा. स्क्रिप्ट लोडच झाली नाही, तर निदान ब्राउझरची मूळ तपासणी तरी जागेवर राहते.

एकापेक्षा जास्त रकान्यांवर अवलंबून असलेल्या नियमांसाठी 'सेटकस्टमव्हॅलिडिटी' आहे. मजकूर दिला की रकाना नापास, रिकामा मजकूर दिला की पास. हा रिकामा मजकूर द्यायला विसरलात तर तो रकाना कायमचा नापास राहतो, चूक सुधारली तरी. पासवर्ड आणि 'पुन्हा पासवर्ड' ही जोडी बघा. तुलना फक्त दुसऱ्या रकान्याच्या इनपुट इव्हेंटवर लिहिलेली असते. माणूस दोन्ही भरतो, जुळत नाहीत, लाल संदेश येतो. त्याच्या लक्षात येतं की चूक पहिल्यात होती, तो पहिला दुरुस्त करतो. आता दोन्ही सारखे आहेत, पण दुसऱ्याला कुणी स्पर्शच केला नाही, म्हणून संदेश तसाच. तुलना एका फंक्शनमध्ये ठेवा आणि दोन्ही रकान्यांच्या इनपुटवर तेच बोलवा. (पासवर्ड दाखवायची सोय दिली तर दुसरा रकाना बहुधा लागतच नाही, पण तो वेगळा वाद.)

चौथी पायरी: कधी टोकायचं

ईमेलचं पहिलं अक्षर टाइप करताच 'पत्ता चुकीचा आहे' म्हणणारा फॉर्म उद्धट वाटतो. अजून लिहून कुठे झालंय? आणि फॉर्म उघडताक्षणी सगळे रकाने लाल दिसणं ही त्याच उद्धटपणाची सीएसएसमधली आवृत्ती. 'इनव्हॅलिड' हा सिलेक्टर पान उघडल्यापासूनच लागू होतो, त्यामुळे रिकामा रिक्वायर्ड रकाना पहिल्या क्षणापासून नापास. त्याऐवजी 'यूजर-इनव्हॅलिड' वापरा. तो माणसाने रकाना बदलून सोडल्यावर किंवा फॉर्म पाठवायचा प्रयत्न केल्यावरच लागू होतो. २०२३ पासून तो सगळ्या मुख्य ब्राउझरमध्ये आहे.

संदेशांसाठी मी अशी रीत पाळतो. रकान्यातून बाहेर पडल्यावर तपासायचं, तेही त्यात काही लिहिलं असेल तरच. नुसता टॅब दाबत पुढे गेलेल्याला 'हे भरा' म्हणत बसायचं नाही. एकदा चूक दाखवली की मात्र तो रकाना प्रत्येक अक्षराला तपासायचा, म्हणजे दुरुस्त होताच लाल रंग जातो. सुरुवात आळसाने, सुटका तत्परतेने. राहिलेले रिकामे रकाने सबमिटच्या वेळी सांगायचे.

'हे वापरकर्तानाव उपलब्ध आहे का' यासारखी सर्व्हरला विचारायची तपासणी असेल तर टाइपिंग थोडं थांबल्यावर विचारा. आणि उत्तरं उलटसुलट क्रमाने येऊ शकतात हे गृहीत धरा. 'राम' साठीचं उत्तर 'रामचंद्र' च्या उत्तरानंतर पोचलं तर चुकीचा संदेश दिसेल. नवी विचारणा करताना जुनी अबॉर्टकंट्रोलरने (चालू विनंती रद्द करायची ब्राउझरमधली सोय) रद्द करा. ही तपासणी चालू असतानाच कुणी सबमिट दाबलं तर त्याला थांबवू नका, शेवटचा निर्णय तसाही सर्व्हरच घेणार आहे.

पाचवी पायरी: चूक सांगावी कशी

'अवैध इनपुट' हा संदेश नाही, तो शेरा आहे. 'ईमेलमध्ये @ राहिलंय', 'तारीख आजच्या पुढची हवी', 'पासवर्ड किमान ८ अक्षरांचा हवा, सध्या ५ आहेत' हे संदेश. यात काय चुकलं आणि काय करायचं ते एका वाक्यात आलं.

संदेश रकान्याला चिकटून, शक्यतो त्याच्या वर किंवा लगेच खाली असावा. नुसता लाल किनारा पुरत नाही, रंगावर एकट्यावर विसंबू नये असं डब्ल्यूसीएजी हे सुगम्यतेचे निकषही सांगतात. स्क्रीन रीडरसाठी रकान्याला एरिया-इनव्हॅलिड ट्रू करा आणि संदेशाचा आयडी एरिया-डिस्क्राइब्डबाय मध्ये द्या. तिथे आधीच एखाद्या सूचनेचा आयडी असेल तर तो पुसू नका, दोन्ही ठेवा. चूक गेली की दोन्ही गोष्टी पूर्ववत करा, हे विसरलं जातं.

सबमिटवर चुका सापडल्या तर फोकस पहिल्या चुकलेल्या रकान्यावर न्या. फॉर्म लांबलचक असेल तर वर सगळ्या चुकांची यादी दाखवा, प्रत्येक चूक म्हणजे त्या रकान्याकडे नेणारी लिंक, आणि फोकस त्या यादीवर. ब्रिटिश सरकारच्या डिझाइन सिस्टिममध्ये हीच पद्धत आहे, आणि ती उचलण्यासारखी आहे.

सहावी पायरी: बटण

आता मुख्य मुद्दा. दाबण्याआधी बटण डिसेबल्ड ठेवायची सवय का मोडावी? डिसेबल्ड बटणाला क्लिकचा इव्हेंट मिळत नाही, म्हणजे दाबणाऱ्याला 'का नाही' हे सांगायची संधीच तुम्ही गमावता. टॅबने फिरणाऱ्याला ते सापडतही नाही. फिक्या राखाडीवर करडी अक्षरं अनेकांना वाचता येत नाहीत. आणि बटण 'उघडण्याचा' तुमचा कोड कीअपवर बसवलेला असेल तर ऑटोफिल, माउसने केलेलं पेस्ट किंवा बोलून केलेलं टायपिंग त्याला कळतच नाही. फॉर्म पूर्ण भरलेला असतो आणि बटण बंद. वर उल्लेखलेली डिझाइन सिस्टिमही डिसेबल्ड बटणं शक्यतो टाळायलाच सांगते.

अपवाद आहेत. एकच रकाना असलेल्या चॅटच्या खिडकीत रिकामा संदेश पाठवायचं बटण बंद असलं तर कुणाचा गोंधळ होत नाही, कारण काय राहिलंय ते स्पष्ट आहे. तिकीट संपलं असेल तर बटण बंद ठेवण्यापेक्षा ते काढून तिथे 'संपलं' असं लिहिलेलं बरं.

दाबल्यानंतर गोष्ट बदलते. आता दुसऱ्यांदा दाबणं धोक्याचं आहे. सबमिट इव्हेंटमध्ये हा क्रम ठेवा:

१. 'पाठवणं चालू आहे' असा ध्वज आधीच लागलेला असेल तर हा सबमिट प्रिव्हेंटडिफॉल्टने (ब्राउझरची नेहमीची कृती थांबवणारं फंक्शन) अडवा आणि परत जा.
२. तपासणी करा. नापास असेल तर अडवा, संदेश दाखवा, फोकस हलवा आणि परत जा. ध्वजाला हात लावू नका.
३. पास असेल तर ध्वज लावा, बटणावरचा मजकूर 'पाठवत आहे…' करा, एरिया-डिसेबल्ड ट्रू करा.
४. फेचने (पान न बदलता स्क्रिप्टमधून विनंती पाठवायची सोय) पाठवत असाल तर ब्राउझरचा सबमिट अडवून विनंती पाठवा. उत्तर येवो, चूक येवो, वेळ संपो, शेवटी 'फायनली' मध्ये ध्वज काढा आणि बटण पूर्ववत करा.

या यादीतल्या तिसऱ्या मुद्द्यात खरा डिसेबल्ड न लावता एरिया-डिसेबल्ड का? फोकस असलेलं बटण डिसेबल्ड झालं की कीबोर्डवाल्याचा फोकस निसटतो आणि त्याला पुन्हा जागा शोधावी लागते. एरिया-डिसेबल्ड स्वतः काहीच अडवत नाही, फक्त सांगतो. अडवायचं काम यादीच्या पहिल्या मुद्द्यातला ध्वज करतो.

खरा डिसेबल्ड लावायचाच असेल तर दोन सापळे ओळखून ठेवा. तो क्लिकच्या इव्हेंटमध्ये लावला तर फॉर्म जातच नाही, कारण ब्राउझर क्लिकनंतर बटण तपासतो तेव्हा ते बंद झालेलं असतं. सबमिट इव्हेंटमध्ये लावला आणि फॉर्म साध्या पद्धतीने जात असेल, तर फॉर्म जातो पण बटणाचं नाव आणि किंमत गळते. 'मंजूर' आणि 'नामंजूर' अशी दोन सबमिट बटणं असलेल्या फॉर्ममध्ये याचा अर्थ असा की कोणतं दाबलं ते सर्व्हरला कळतच नाही. स्क्रिप्टमध्ये कोणतं बटण दाबलं ते इव्हेंटच्या 'सबमिटर' मधून मिळतं.

फेचच्या बाबतीत नवख्यांना हमखास फसवणारी गोष्ट: सर्व्हरने ४०० किंवा ५०० चं (चूक झाल्याच्या स्टेटस कोडचं) उत्तर दिलं तरी फेच ते यशच मानतो. नेटवर्कच तुटलं तर तो चूक फेकतो. उत्तराचा 'ओके' तपासल्याशिवाय 'धन्यवाद' दाखवू नका. त्याला स्वतःची वेळमर्यादाही नसते, ती अबॉर्टसिग्नलच्या टाइमआउटने द्यावी लागते. नाहीतर 'पाठवत आहे…' अनंत काळ फिरत राहतं.

मागे जाण्याचं बटण हा विसरला जाणारा कोपरा आहे. फॉर्म पाठवून पुढच्या पानावर गेलेला माणूस मागे आला की अनेकदा ब्राउझर ते पान होतं तसंच, जावास्क्रिप्टच्या स्थितीसकट, स्मृतीतून बाहेर काढतो. 'पाठवत आहे…' आणि लागलेला ध्वज दोन्ही तसेच. 'पेजशो' इव्हेंट ऐका आणि त्याचं 'पर्सिस्टेड' ट्रू असेल तर सगळं मूळपदावर आणा. फायरफॉक्स तर स्क्रिप्टने डिसेबल्ड केलेलं बटण रीलोडनंतरही डिसेबल्डच ठेवतो. बटणाला ऑटोकम्प्लीट ऑफ दिलं की ते थांबतं.

सातवी पायरी: सर्व्हर

वरचं सगळं सोयीसाठी आहे, सुरक्षेसाठी त्यातलं काहीच नाही. डेव्हलपर टूल्स उघडून रिक्वायर्ड पुसायला दोन सेकंद लागतात, आणि कर्लने (ब्राउझरशिवाय विनंती पाठवणारं साधन) पाठवणाऱ्याला तुमचा फॉर्म दिसतही नाही. प्रत्येक नियम सर्व्हरवर पुन्हा हवाच. नापास झालं तर ४२२ सारख्या स्टेटस कोडचं उत्तर द्या आणि कोणता रकाना का चुकला ते रकान्याच्या नावानुसार पाठवा, म्हणजे पाचव्या पायरीतलंच यंत्र तेही संदेश दाखवेल. साध्या फॉर्ममध्ये पान परत द्याल तेव्हा पासवर्ड सोडून सगळं भरलेलं परत द्या. पंचवीस रकाने पुन्हा भरायला लावण्याइतका माणसाचा अंत पाहू नका.

दुहेरी सबमिटचा खरा बंदोबस्तही इथेच होतो. ब्राउझरमधला ध्वज दोन टॅबपुढे हतबल असतो. वेळ संपल्यावर तर विनंती पोचली की नाही हेच ब्राउझरला माहीत नसतं, आणि माणूस साहजिकच पुन्हा दाबतो. म्हणून फॉर्म उघडताना एक अद्वितीय कळ तयार करा, प्रत्येक प्रयत्नाबरोबर तीच पाठवा आणि डेटाबेसमध्ये त्या कळीच्या कॉलमवर युनिक बंधन (तीच किंमत दोनदा येऊ न देणारं) घाला. तीच कळ दुसऱ्यांदा आली तर नवीन नोंद न करता पहिलंच उत्तर परत द्या. स्ट्राइपसारख्या पेमेंट एपीआयमध्ये हीच पद्धत आहे. 'आधी शोधा, नसेल तर टाका' असं कोडमध्ये लिहून भागत नाही. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही 'नाही' असंच उत्तर मिळतं आणि दोन्ही नोंदी होतात.

यशस्वी झाल्यावर पान थेट न देता ३०३ या स्टेटस कोडने ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर पाठवा. मग रीफ्रेश केलं तरी 'फॉर्म पुन्हा पाठवायचा का' हा प्रश्न येत नाही.

काही फुटकळ, पण अडणाऱ्या गोष्टी

बटण दाबलं, संदेश नाही, हालचाल नाही, आणि बटण तर चालू आहे. अशा वेळी लपलेला रिक्वायर्ड रकाना शोधा. 'इतर' निवडल्यावरच दिसणारा रकाना डिस्प्ले नन करून लपवलेला असतो, तो रिकामा म्हणून नापास होतो, आणि दिसत नसल्याने ब्राउझरला त्यावर फोकसही नेता येत नाही. क्रोमचा कन्सोल याची तक्रार करतो, माणसाला काहीच दिसत नाही. लपवताना रकाना डिसेबल्डही करा. अख्खा भाग असेल तर त्याला फील्डसेटमध्ये घालून फील्डसेटच डिसेबल्ड करा, आतले सगळे रकाने तपासणीतून आणि पाठवण्यातूनही वगळले जातात.

'मसुदा जतन करा' हे बटण असेल तर त्याला फॉर्मनोव्हॅलिडेट द्या. अर्धवट फॉर्म जतन करणाऱ्याला उरलेले रकाने भरायला लावणं म्हणजे मसुद्याचा हेतूच मारणं. बटण फॉर्मच्या बाहेर, पानाच्या तळाशी चिकटलेल्या पट्टीत ठेवायचं असेल तर बटणाला 'फॉर्म' हा गुणधर्म देऊन त्यात फॉर्मचा आयडी लिहा, स्क्रिप्टची गरज नाही.

तपासून बघताना माउस बाजूला ठेवून सुरुवात करा: फक्त टॅब आणि एंटरवर फॉर्म भरा, मुद्दाम दोन चुका ठेवा आणि फोकस कुठे जातो ते बघा. मग डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क मंद करून बटण भराभर चार-पाच वेळा दाबा आणि डेटाबेसमध्ये नोंदी मोजा. नेटवर्क मध्येच बंद करा, बटण परत जिवंत होतं का बघा. जावास्क्रिप्ट बंद करून एकदा पाठवा. पाठवून मागे या. शेवटी सगळे रकाने देवनागरीत भरा, आकड्यांसकट.